नावं घेण्याची वेळ

आईचं पवित्र शास्त्र पूर्ण मिटत नाही. काळ्या कापडी बांधणीचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं ते जाड पुस्तक टेबलावर ठेवलं की मधूनच थोडं उघडं राहतं, इतके कागद त्याच्या पोटात आहेत. एसटीची तिकिटं. भावाच्या दहावीच्या हॉलतिकिटाचा तुकडा. केसपेपरचा फाडून घेतलेला कोपरा. कुठल्याशा झावळ्यांच्या रविवारी केलेला, आता सुकून तपकिरी झालेला झावळीचा क्रूस. आणि या सगळ्यांत मिसळलेल्या, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या. ‘चार नंबरच्या खाटेवरचं बाळ.’ ‘मेट्रनबाईंच्या भावाला नोकरी.’ ‘शेजारच्या आजोबांचा मोतीबिंदू.’ ‘पाऊस.’ आई नगरच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं ती हाताला लागेल त्या कागदावर टिपून घ्यायची आणि घरी आली की कागद शास्त्रात सरकवून द्यायची.

स्तोत्रसंहितेच्या पानांचे समास तर तारखांनी भरलेले आहेत. सगळ्यात जास्त तारखा एकशे एकविसाव्या स्तोत्राशेजारी. ते प्रवासाला निघणाऱ्याचं स्तोत्र. घरातून कुणीही बाहेरगावी निघालं, मग ते पुण्याला परीक्षेसाठी असो की श्रीरामपूरला लग्नासाठी, चपला घालून दारात उभं राहायचं आणि ते ऐकायचं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असायचा, आई मात्र एकही वचन गाळायची नाही. मग ती पेन्सिलीने तारीख घालायची. तारखेपुढे पुढचं काही नाही. परीक्षा कशी गेली, नोकरी लागली की नाही, मोतीबिंदूचं काय झालं, यातलं काहीच तिने टिपून ठेवलेलं नाही. ती मागणं लिहायची, उत्तर लिहायची नाही. मला ही गोष्ट जितकी वर्षं जातायत तितकी अधिक मोलाची वाटते. देवाकडे काय मागितलं आणि काय मिळालं याचा ताळेबंद तिला मांडायचाच नव्हता. कुणाला तरी त्याच्यासमोर नेऊन उभं केलं, एवढ्यावर तिचं काम संपत होतं.

आमच्याकडची रोजची उपासना रात्रीच्या जेवणानंतर आणि भांडी घासायच्या आधी व्हायची. ताटं मोरीत ठेवायची, हात धुवायचे, सतरंजी अंथरायची. ‘उपासना संगीत’मधलं एखादं पद, मग शास्त्रपाठ. शास्त्रपाठात एकेकाने एकेक वचन वाचायचं, त्यामुळे आपलं वचन कोणतं येणार याचा अंदाज बांधत आम्ही मुलं पुढची वचनं आधीच मनात वाचून घ्यायचो. नहेम्याच्या पुस्तकातला यरुशलेमेच्या भिंतीचा अध्याय आला की पोटात गोळा यायचा. कुणी कोणता दरवाजा बांधला, कुणी आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला, अशी नुसती नावंच नावं. वडील मात्र एकही नाव वगळू द्यायचे नाहीत. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाचंही तसंच. तिथे पौल प्रेषित केवढा मोठा सिद्धांत सांगून संपवतो आणि अखेरीला माणसांना सलाम सांगत सुटतो. फिबी, प्रिस्किल्ला, अक्विला, रूफ आणि रूफाची आई, जी मला आईसारखीच आहे असं तो सांगतो. लहानपणी तो अध्याय मला पत्राच्या शेवटी उरलेल्या जागेत लिहिल्यासारखा वाटायचा. आता वाटतं की आधीचे पंधरा अध्याय ज्यांच्यासाठी लिहिले ती माणसं या एका अध्यायात भेटतात.

शास्त्रपाठ झाला की आई म्हणायची, “आता नावं.” प्रत्येकाने एका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी एक वाक्य बोलायचं. लहान पोरालाही यातून सूट नव्हती. मला आठवतं, झोप अनावर झालेली असायची आणि मी लवकर सुटण्यासाठी म्हणायचो, “प्रभू, सगळ्यांना सुखी ठेव.” आई डोळे मिटलेलेच ठेवून विचारायची, “सगळे म्हणजे कोण रे? एकाचं नाव घे.” मग शोधाशोध सुरू व्हायची. दिवसभरात आपण कुणाला पाहिलं? कोण रडत होतं, कोण लंगडत होतं, कोण आलंच नव्हतं?

हळूहळू असं झालं की शाळेतच ते नाव शोधायला लागायचं. रात्री काहीतरी सांगावं लागणार म्हणून दिवसा डोळे उघडे ठेवायला लागायचे. माझ्या वर्गात एक मुलगी डब्यात रोज नुसती भाकरी आणायची, चटणीसुद्धा नसायची. डबा ती मांडीवर ठेवायची आणि झाकण अर्धवट लावून खायची. हे मी किती दिवस पाहत होतो कुणास ठाऊक, पण नावाच्या शोधात असताना पहिल्यांदा मला ते दिसलं. त्या रात्री मी तिचं नाव घेतलं. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भाजी दुप्पट होती आणि वर एक जादा चमचा. प्रार्थना देवाने ऐकली की आईने, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही आणि आजही तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात ती मला अशी कळली. आपण दोघांच्या मध्ये उभे राहतो, आणि मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्हीकडे पाहावंच लागतं.

या नावांमध्ये एक नाव आम्हा कुणालाच नको असायचं. वडिलांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा शेताच्या बांधावरून वाद होता. आमच्या जिल्ह्यात बांधाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तसाच तो चालला होता. कोर्टात तारीख असली की वडील संध्याकाळी दमून, काळवंडून परत यायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. अशाही रात्री सतरंजी अंथरली जायची आणि आई विचारायची, “काकांचं नाव कोण घेतंय?” आम्ही गप्प. वडील भिंतीकडे बघत. मग तीच घ्यायची. “हे दयाळू पित्या, भाऊजींचा बैल पायाने अधू झालाय, त्याला बरं कर. त्यांच्या पोरीचं यंदा जमू दे.” तिला या बातम्या कुठून कळायच्या देव जाणे. बहुधा दवाखान्यात येणाऱ्या गावच्या बायकांकडून.

वैऱ्यांवर प्रीती करा आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, ही डोंगरावरच्या प्रवचनातली आज्ञा वडिलांना तोंडपाठ होती. रविवारच्या शाळेत ते ती मुलांना शिकवतही होते. पण पाठ असणं निराळं आणि रात्री नऊ वाजता, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आवाजात ते नाव उच्चारणं निराळं. एका रात्री आईने विचारायच्या आधीच त्यांनी भावाचं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. घसा खाकरला, थांबले, आणि “आमेन” म्हणून मोकळे झाले. आम्हीही आमेन म्हटलं. दावा त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालला. दोन भाऊ गळ्यात पडले वगैरे काही झालं नाही. पण काकांच्या मुलीला मुलगा झाला तेव्हा आईने बाळंतविडा पाठवला, टोपडं, दुपटं आणि डिंकाचे लाडू, आणि तो घेऊन वडील स्वतः सायकलवरून गेले. काकांनी तो ठेवून घेतला. ज्याचं नाव रोज देवासमोर घेतलंय, त्याच्याविषयी दिवसा वाईट बोलताना जीभ अडखळते. आमच्या घरात हे मी वर्षानुवर्षं होताना पाहिलं.

उपासनेच्या सुरुवातीचं पद हा माझ्या आजीचा प्रांत होता. तिला वाचता येत नव्हतं, पण पदं आणि अभंग तिला इतके पाठ होते की पुस्तक उघडायची गरज पडायची नाही. नारायण वामन टिळकांची पदं ती जात्यावरच्या ओव्यांच्या सुरात म्हणायची. चाल चुकते असं कुणी म्हटलं तर म्हणायची, “देवाला कळतंय.” टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आयुष्यभर मराठी मंडळीच्या तोंडी मराठी मातीचं गाणं देण्यासाठी झटले. तोवर पुष्कळदा विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हटली जात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक मानत. माझ्या आजीला हे काही माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की अभंग म्हणताना मान आपोआप डोलते आणि मान डोलली की मन ताळ्यावर येतं.

ही वाट टिळकांच्याही फार आधीची आहे. इंग्लंडातून 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं ते मराठी ओवीत. 1616 साली ते रायतूरला छापलं गेलं आणि रविवारी, सणावारी देवळात वाचलं जाऊ लागलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या कानांना पुराण ऐकायची सवय होती, ती ऐकण्याची ओढ स्टीफन्सनी ओळखली. मी जेव्हा जेव्हा या ग्रंथाचा विचार करतो तेव्हा त्यातलं पांडित्य मला आधी आठवत नाही. दुपारच्या उन्हात देवळाच्या गारव्यात बसून ओवीमागून ओवी ऐकणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. श्रद्धा त्यांच्यात मुरली असेल तर ती अशी, कानांवाटे, चालीसकट, आठवड्यामागून आठवडे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मला सगळ्यात जास्त थबकायला लावतो तो प्रसंग एका रात्रीच्या विचाराचा आहे. नवरा ख्रिस्ती झालेला, आणि त्या स्वतः मात्र सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्या त्याच्याशी एकट्याच झुंजत राहिल्या. कुणी उपदेशक समोर नव्हता, सभा नव्हती. त्या विचारातून त्या बाहेर आल्या त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होऊनच. बाप्तिस्मा पुढे 1900 साली झाला. पण मला वाटतं की त्यांच्यात जे पालटायचं होतं ते त्या रात्रीच पालटलं. मनन हा शब्द आपण फार हलक्याने वापरतो. प्रवचनानंतर दोन मिनिटं डोळे मिटणं म्हणजे मनन, अशी आपली समजूत. लक्ष्मीबाईंचं मनन हे एका प्रश्नाला रात्रभर उशाशी घेऊन झोपणं होतं, आणि सकाळी उठल्यावर त्याचं उत्तर पाण्याच्या तांब्यापर्यंत नेणं होतं.

आणि केडगाव. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या डोक्यात 1905 सालच्या जागृतीच्या कथा होत्या, शेकडो मुली-बायका एकत्र प्रार्थना करतायत अशा. त्या खऱ्याच आहेत. पण तिथे उभं राहिल्यावर मला अधिक जाणवली ती रमाबाईंची दुसरी, एकट्याने चाललेली उपासना. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. छपाई तिथल्याच छापखान्यात व्हायची, खिळे जुळवायला तिथल्याच बायका. दुष्काळात भुकेने खंगून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली पुढे शास्त्राच्या ओळी उलट्या खिळ्यांतून जुळवत होत्या. याहून सावकाश वाचन कोणतं असेल? एकेक अक्षर बोटांनी उचलायचं, चौकटीत बसवायचं, चुकलं तर काढून पुन्हा. 1921 साली मुलगी मनोरमा गेली. कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं, शरीर थकलेलं. तरी शेवटच्या दिवसांपर्यंत त्या प्रुफं तपासत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि तो ग्रंथ 1924 साली निघाला. शोकातल्या आईने प्रुफाच्या कागदावर वाकून एकेक शब्द पारखावा, याला मी प्रार्थनाच म्हणेन. गुडघे टेकलेले नसले तरी.

आमच्या घरी बोलून प्रार्थना करायची शिकवण मिळाली, गप्प बसायची मिळाली नाही. प्रॉटेस्टंट घरांत बहुधा असंच असतं. शांतता झाली की कुणीतरी लगेच पद सुरू करतं. गप्प बसणं मी पुण्यात शिकलो, एका वयस्कर येशूसंघीय धर्मगुरूंकडे. त्यांनी मला संत इग्नेशियस यांची दिवसाच्या आढाव्याची रीत सांगितली. ही रीत साधी आहे आणि इग्नेशियसनी ती आपल्या संघाच्या माणसांसाठी दिवसातून दोनदा सांगितली होती. पहिल्यांदा उपकार मानायचे. मग प्रकाश मागायचा आणि दिवस तास-तास करत मागे उलगडायचा, कुठे मन मोकळं झालं, कुठे ते आक्रसलं हे बघत. जिथे खंत वाटेल तिथे क्षमा मागायची, आणि उद्याच्या दिवसासाठी हात पुढे करायचा. त्या धर्मगुरूंनी मला एक गोष्ट बजावली होती, “आभारापासूनच सुरू करायचं बरं का. चुकांपासून सुरू केलंत तर तुम्ही तिथेच अडकाल.” फादर स्टीफन्सही याच संघाचे. म्हणजे रायतूरला, ओव्या रचून झाल्यावर, समईच्या उजेडात तेही आपला दिवस असाच मागे उलगडून बघत असणार. हे मनात आलं तेव्हा चारशे वर्षं एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

मी ही रीत धरल्यावर पहिल्यांदा जे हाती लागलं त्याचं मला आश्चर्य वाटलं. दिवसातल्या मोठ्या गोष्टी मागे पडायच्या आणि भलत्याच किरकोळ गोष्टी उजेडात यायच्या. वॉचमनने सकाळी गेट उघडताना सांगितलेलं असायचं की मुलगी बारावी पास झाली. मी ‘वा’ म्हणून पुढे गेलेलो असायचो. रात्री ते वाक्य परत यायचं आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिसायचा. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांच्या 1978 सालच्या ‘साधना’ या पुस्तकात आजूबाजूचे आवाज नुसते ऐकत बसायचा एक अभ्यास आहे. दूरची गाडी, पंख्याची घरघर, शेजारचा कुकर, कशालाही नाव न ठेवता, कशालाही न हाकलता. मला तो अभ्यास आणि आईचं “एकाचं नाव घे” ही एकाच शाळेतली दोन दप्तरं वाटतात. दोन्हीकडे जे समोर आहे त्याच्यापाशी थांबायला शिकवलंय.

पण प्रार्थना नेहमी अशी फळते असं सांगणं खोटं होईल. पुष्कळ दिवस असे जातात की शब्द ओठांतून निघतात आणि छताला लागून खाली पडतात. मदर तेरेसांची पत्रं 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कोलकात्याच्या त्या गल्ल्यांमध्ये मरणासन्न माणसांना उचलून आणणाऱ्या या बाईने आयुष्यातली कितीतरी दशकं आतल्या कोरडेपणात काढली. देव जवळ आहे ही जाणीव नव्हती, तरी पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत होत्या. काही लोकांना त्या पत्रांनी धक्का बसला. मला मोठा धीर आला. मला वाटतं, मंडळीत आपण कोरड्या दिवसांविषयी पुरेसं बोलत नाही. साक्ष द्यायला उभं राहिलेला माणूस नेहमी उत्तर मिळालेल्या प्रार्थनेचीच साक्ष देतो. तरुण मुलं ती ऐकतात, घरी जाऊन गुडघे टेकतात, काही वाटत नाही, आणि मग आपल्यातच खोट आहे अशी त्यांची समजूत होते. हे आपण थांबवायला हवं.

2021च्या एप्रिलमध्ये आई निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, तरी दिवसभर तिचा फोन वाजत असायचा. कुठे खाट मिळेल, कुठे ऑक्सिजन मिळेल. चर्च बंद होतं. रात्रीच्या उपासनेला आम्ही नावं घ्यायला लागलो की ती संपायची नाहीत. आई गेल्यावर, पुष्कळ दिवसांनी, तिच्या शास्त्रात मला त्या महिन्याची चिठ्ठी सापडली. एका औषधाच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला लिहिलेली, खाली खाली अक्षर बारीक होत गेलेली. त्यातली काही माणसं वाचली, काही नाही. चिठ्ठी ठेवली होती अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात. स्तोत्रसंहितेतली बहुतेक विलापगीतं अखेरीला वळण घेतात, कुठेतरी आशेचा शब्द येतो. या स्तोत्रात तो येत नाही. ते अंधारातच संपतं. आईने ती चिठ्ठी तेविसाव्या स्तोत्रात ठेवली असती तर मला कदाचित काही वाटलं नसतं. देवासमोर खोटा दिलासा उभा करायचा नाही, तक्रार असेल तर तक्रारच न्यायची, हे तिला कळत होतं. आणि तक्रार नेतानाही नावं लिहूनच न्यायची.

मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेला एक छोटासा दाखला आहे, पेरणाऱ्याच्या मोठ्या दाखल्यामागे तो झाकला जातो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. हा दाखला वाचला की वडील हमखास शाळूवर यायचे. आमच्याकडची रब्बीची ज्वारी हस्ताच्या पावसाच्या ओलीवर पेरतात. नंतर पाऊस नाही. काळी जमीन हळूहळू भेगाळायला लागते. वरून बघणाऱ्याला वाटतं, हे आता वाळणार. पण खाली ओल असते, मुळं तिच्या मागे खोल जातात, आणि शेतकरी पाऊस नसतानाच्या त्या दिवसांत कोळपणी करतो. कोळपं फिरलं की भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. वडील म्हणायचे, “कोळप्याने पाणी येत नाही बाबांनो. आहे ते टिकतं.” कोरड्या दिवसांतली रोजची उपासना काय करते, हे मला याहून नीट कुणी सांगितलेलं नाही. आपण वाढतोय का, हे ज्याचं त्याला दिसत नाही. मला तरी माझं दिसत नाही. वडिलांचं मात्र मी पाहिलं, त्या सायकलवर.

आता आम्ही भावंडं पांगलोय. धाकटी बहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे, आईचाच वसा. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे दुपारचे साडेचार. ड्युटी नसेल त्या दिवशी ती फोनवर उपासनेत असते. तिची मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, पद मात्र मराठीत म्हणतात, अर्थ अर्धामुर्धा कळून. मध्येच आवाज तुटतो, पद एकीकडे पुढे आणि एकीकडे मागे जातं. सकाळी फोन उघडला की वचनांची चित्रं पन्नास जणांना एकाच वेळी आलेली असतात, सूर्योदय आणि गुलाबांसकट. ज्यांनी पाठवलं त्यांच्या मनात प्रेमच असतं, हे मी जाणतो. पण पन्नास जणांना पाठवलेल्या वचनात माझं नाव नसतं. बहिणीचा मोठा मुलगा परवा म्हणाला, “गॉड, माझ्या क्लासमधल्या ओवेनला आज कुणी खेळायला घेतलं नाही.” तेवढंच. पुढे काही मागितलं नाही. मी त्या दिवशी दुसरं काही बोललो नाही, आमेन म्हटलं.

ज्या घरांत उपासना कधीकाळी होती आणि कामाच्या वेळा, ट्रॅफिक, क्लासेस यांत ती बंद पडली, अशी घरं मी पुण्यात आणि मुंबईत पुष्कळ पाहतो. पुन्हा सुरू करायची तर ती जुनी, तासाभराची, सगळे क्रम पाळलेली करायला हवी, या धास्तीने ती सुरूच होत नाही. त्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे. आज रात्री स्तोत्रसंहितेतलं चौथं स्तोत्र उघडा. झोपेआधीचं स्तोत्र आहे, आठच वचनं आहेत. टीव्ही बंद करा, एकाने ते मोठ्याने वाचा, आणि मग घरातल्या सगळ्यात लहान माणसाला एक नाव घ्यायला सांगा.